नाव सातबाऱ्यावर एकाचं, वहिवाट दुसऱ्याची: ‘डी फॅक्टो’ची गोष्ट

१ मार्च २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली आणि इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, “म्हणजे इतके दिवस नव्हती की काय?”

नव्हती. जवळपास अडीचशे वर्षं तिथली संसद इंग्रजीत भांडली, कोर्टं इंग्रजीत निकाल देत राहिली, तीसेक राज्यांनी आपापल्यापुरते तसे कायदेही करून टाकले. पण इंग्रजी ही सबंध देशाची अधिकृत भाषा आहे असं सांगणारा केंद्राचा कायदा कधी झालाच नाही. आजही आहे तो राष्ट्राध्यक्षांचा आदेश, संसदेचा कायदा नव्हे. खुद्द ब्रिटनमध्येही सगळ्या देशापुरता असा कायदा नाही. न्यूझीलंडची तर गंमतच आहे. तिथे माओरी १९८७ मध्ये कायद्यानं अधिकृत झाली, मूकबधिरांची खाणाखुणांची भाषा २००६ मध्ये झाली, आणि इंग्रजी? ती नुसतीच सगळीकडे बोलली जाते.

ग्रुपवर कुणीतरी काकांना उत्तर दिलं: “डी फॅक्टो होती, डी ज्युरे नव्हती.” काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आमच्या ग्रुपवर ज्याला काही कळत नाही तो हात जोडतो.

इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. या जोडीनं मला जेवढं छळलंय तेवढं शेअर बाजाराच्या बातम्यांनीही छळलेलं नाही. हे शब्द कठीण आहेत असं नाही. नियम काय आणि चालतं काय, यातल्या फटीबद्दल बोलायची इंग्रजी माणसाची एक खास तऱ्हा आहे आणि ती शब्दकोशात सापडत नाही. म्हणून काकांसाठी, जरा सविस्तर.

आधी सातबारा हातात घ्या

‘डी ज्युरे’ म्हणजे कायद्यानं, हक्कानं. ‘डी फॅक्टो’ म्हणजे वस्तुस्थितीत, प्रत्यक्षात. दोन्ही मूळ लॅटिन. व्याख्या एवढीच.

आता उदाहरण. गावाकडे जमीन आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली, वारसांची नोंद राहिलेली, आणि कसतो धाकटा काका. बँकेत विचाराल तर मालक आजोबा. बांधावर उभं राहून विचाराल तर मालक काका. आपल्याकडे यासाठी ‘मालकी’ आणि ‘वहिवाट’ असे दोन ठसठशीत शब्द आहेत. आजोबा डी ज्युरे, काका डी फॅक्टो.

मजा म्हणजे ही जोडी आपल्या सातबाऱ्यातच बसलेली आहे. त्यातला सात म्हणजे गाव नमुना सात, अधिकार अभिलेख: जमीन कुणाची. बारा म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही: त्या जमिनीत खरोखर काय उभं आहे. हक्क आणि हकिकत एकाच कागदावर. अर्थात पीकपाहणी घरबसल्या झाली की बारावर सोयाबीन आणि शेतात तूर असा प्रकार होतो. मग वस्तुस्थितीचा रकानाच कागदी ठरतो. पण तो वेगळा विषय आहे.

लॅटिन कशाला मध्येच?

कारण इंग्लंडमध्ये राज्य आलं फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांचं, कोर्टं बोलायची फ्रेंच आणि नोंदी व्हायच्या लॅटिनमध्ये. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टात बाजू इंग्रजीत मांडा, तरी लिहून ठेवायचं ते लॅटिनमध्येच. कोर्टाच्या कागदांतून लॅटिन जायला १७३३ उजाडलं. तोवर वकिलांच्या तोंडात बसलेले शब्द काही गेले नाहीत. मोडी गेली तरी ‘फिर्याद’, ‘वकालतनामा’ आणि ‘तहकूब’ राहिले, तसंच.

शब्दांची गरज मात्र राजांमुळे पडली. १४८५ मध्ये सातव्या हेन्रीनं तिसऱ्या रिचर्डला लढाईत मारून गादी घेतली. आता जे लोक रिचर्डच्या बाजूनं लढले ते गद्दार का? त्या दिवशी राजा तर तोच होता! आणि उद्या हेन्रीलाही कुणी हटवलं, तर हेन्रीच्या शिपायांचं काय? म्हणून १४९५ मध्ये कायदा केला: त्या त्या वेळी जो राजा असेल त्याची चाकरी केली म्हणून कुणाला राजद्रोही ठरवायचं नाही. पुढे त्याला ‘डी फॅक्टो कायदा’च म्हणू लागले.

दोनशे वर्षांनी पुन्हा तोच पेच. दुसरा जेम्स १६८८ मध्ये फ्रान्सला पळाला, विल्यम आणि मेरी गादीवर आले. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, पण ज्यांनी आधी जेम्सच्या निष्ठेची शपथ घेतली होती त्यांच्या जिवाला ते पटेना. तोडगा काय काढला असेल? शपथेच्या मजकुरातून ‘हक्काचा आणि कायदेशीर’ हे शब्दच गाळले. राजाशी निष्ठा ठेवीन, एवढंच म्हणा. तो हक्काचा आहे का, हे मनात ठेवा. बहुतेकांनी ठेवलं. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम सँक्रॉफ्ट यांनी मात्र शपथ नाकारली आणि पद घालवलं.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मतभेद मिटवला नाही, नियम मोडला नाही, फक्त एक शब्द काढून घेतला आणि दोघांनाही आपापलं खरं मानायची सोय करून दिली. पुढे येणारी सगळी उदाहरणं याच घराण्यातली.

पुदुच्चेरीला दोन वाढदिवस

ही सोय इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आली. १७६५ मध्ये कंपनीनं बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, घेतली, पण कंपनीच्या नाण्यांवर बादशहा शाह आलमचं नाव १८३५ पर्यंत राहिलं. दवंडी पिटताना म्हणायचे: खल्क खुदा का, मुल्क बादशाह का, हुकूम कंपनी सरकार का. जग देवाचं, देश बादशहाचा आणि हुकूम कंपनीचा. डी ज्युरे आणि डी फॅक्टो इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी समजावलेलं मला माहीत नाही.

आणि आपण मराठी माणसं यात नवखी नव्हतो. गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला. पेशवे शेवटपर्यंत वस्त्रं साताऱ्याहूनच घेत राहिले. पहिल्या बाजीरावाला पेशवाई मिळाली १७२० मध्ये. लंडनमध्ये रॉबर्ट वॉलपोल कारभाराच्या शिरोभागी आला १७२१ मध्ये. एका वर्षाच्या अंतरानं दोन्हीकडे प्रधान राजापेक्षा मोठा व्हायला लागला. फरक असा की पेशवा हे पद रीतसर होतं. तिकडे ‘प्राइम मिनिस्टर’ ही सुरुवातीला शिवी होती आणि ब्रिटनच्या कायद्यात त्या पदाचा पहिला उल्लेख आला थेट १९१७ मध्ये. तोही पंतप्रधानांना सुट्टीसाठी मिळालेल्या एका बंगल्याच्या कायद्यात. जवळजवळ दोनशे वर्षं देश चालवणारं पद कायद्याच्या पुस्तकात नव्हतंच.

स्वतंत्र भारतानं हे शब्द जसेच्या तसे वापरले. फ्रेंचांची पुदुच्चेरी भारताकडे कधी आली? दोन उत्तरं आहेत, दोन्ही बरोबर. डी फॅक्टो हस्तांतर १ नोव्हेंबर १९५४ ला, डी ज्युरे १६ ऑगस्ट १९६२ ला. मधल्या काळात करार होऊन पडला होता, फ्रान्सच्या संसदेची मंजुरी बाकी होती. तिथे आजही दोन्ही दिवस पाळतात.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. पोर्तुगालनं ते मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. पोर्तुगालच्या कायद्याच्या नजरेत मधली तेरा वर्षं गोवा त्यांचाच होता. मुक्तीच्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो, त्याचं मूळ या असल्या हिशेबात आहे. बांधावरचं भांडण मिटलं तरी फेरफार उतरवायला वेळ लागतो.

देशादेशांच्या व्यवहारात हे शब्द मापून वापरतात. इस्रायलची घोषणा झाली त्याच दिवशी, १४ मे १९४८ ला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी तिथल्या हंगामी सरकारला ‘डी फॅक्टो’ म्हणून मान्यता दिली. ‘डी ज्युरे’ मान्यता आली ३१ जानेवारी १९४९ ला. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत २०२१ नंतर तालिबानला ‘डी फॅक्टो ऑथॉरिटीज’ म्हणतात. म्हणजे तुमच्याशी बोलावं तर लागतं, पण तुम्हाला आम्ही सरकार म्हटलं असं समजू नका. बातमी करताना आम्ही याचं ‘तालिबान सरकार’ करतो तेव्हा त्या एका शब्दात केलेली सगळी कसरत वाया जाते. मी स्वतः केलंय, शंभरदा.

लॅटिन सोडा, साधे शब्द ऐका

खरं कौशल्य लॅटिनमध्ये नाहीच. ते रोजच्या चार-पाच शब्दांत आहे, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुलंही तिथेच अडखळतात.

ब्रिटनमध्ये एका मित्राच्या गाडीतून लंडनहून लेस्टरला जात होतो. मोटरवेवर वेगाची मर्यादा ताशी सत्तर मैल. काटा अठ्ठ्याहत्तरवर. मी सीटबेल्ट धरून बसलेला. विचारलं, “अरे, मर्यादा किती आहे?” तो म्हणाला, “टेक्निकली, सत्तर.” आणि पाय जरासुद्धा उचलला नाही.

या ‘टेक्निकली’चं आपण ‘तांत्रिकदृष्ट्या’ करतो आणि वाचणाऱ्याला वाटतं गाडीच्या यंत्रात काही आहे. यंत्राचा संबंध नाही. ‘टेक्निकली’ म्हणजे: नियम विचारशील तर सत्तर, आणि आता पुढे विचारू नकोस. त्याचं अठ्ठ्याहत्तरही अंदाजपंचे नव्हतं. तिथल्या पोलीस प्रमुखांची जाहीर मार्गदर्शक तत्त्वं आहेत: मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैल, म्हणजे सत्तरला एकोणऐंशी, साधारण तिथून पुढे दंड. कायद्यानं एकाहत्तरही गुन्हाच. पोलीस मनात आणतील तर धरूही शकतात. पण रस्त्यावरच्या प्रत्येकाला दुसरा आकडा पाठ असतो. माझा मित्र मूळचा साताऱ्याचा. आठ वर्षांत त्याला गाडीपेक्षा हा शब्द चांगला चालवता यायला लागला होता.

दुसरा शब्द ‘सपोज्ड टू’. शाळेत आपल्याला सांगितलं: ‘अपेक्षित असणे’. ऑफिसात गोरा सहकारी म्हणतो, “यू आर सपोज्ड टू साइन इन हिअर.” आपला माणूस ‘इथे सही करा’ असं समजतो. त्यात ‘करा’ नाही. नियम आहे, एवढंच आहे. मी करतो की नाही याबद्दल मौन. मराठीत याला अगदी नेमकं रूप आहे आणि आपण ते अनुवादात कधी वापरत नाही: “इथे सही करायची असते.” ‘मुलांनी नऊला झोपायचं असतं’ असं जी आई म्हणते, तिच्या घरातली मुलं साडेदहाला गादीवर उड्या मारत असतात हे कुणाला सांगावं लागत नाही. याच ‘सपोज्ड’चा दुसरा अर्थ तर एका शब्दात येतो. “इट इज सपोज्ड टू बी अ गुड हॉटेल.” चांगलं आहे म्हणे. तो ‘म्हणे’ कुठल्याही शब्दकोशापेक्षा खरा.

‘इन थिअरी’ ऐकलं की पुढच्या ‘पण’ची वाट बघावी. ‘पण’ आला नाही तर तो गिळलाय असं समजावं. मात्र याचा जोडीदार ‘प्रॅक्टिकली’ हा चकवा आहे. आपण ‘प्रॅक्टिकल’ शब्द शाळेच्या प्रयोगशाळेतून उचलला, म्हणून ‘प्रॅक्टिकली फिनिश्ड’चा अर्थ ‘प्रत्यक्षात पूर्ण’ असा लागतो. इंग्रजी माणसाला म्हणायचं असतं ‘होत आलंय’. म्हणजे झालेलं नाही. या एका शब्दापायी मी एका पुलाचं काम वाचकांसाठी दोन महिने आधी पूर्ण करून टाकलं होतं.

यावर एक चुटका प्रसिद्ध आहे: थिअरी आणि प्रॅक्टिस यांत थिअरीत काही फरक नसतो, प्रॅक्टिसमध्ये असतो. लोक तो कधी आइन्स्टाइनच्या नावावर खपवतात, कधी बेसबॉलपटू योगी बेराच्या. छापलेला सापडतो तो येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मासिकात, १८८२ मध्ये. आइन्स्टाइन तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता.

‘ऑन पेपर’चं ‘कागदोपत्री’ करताना जपावं. आपल्या ‘कागदोपत्री’ला घोटाळ्याचा वास आहे, कागदोपत्री विहीर म्हटलं की अनुदान कुणी खाल्लं हा पुढचा प्रश्न. इंग्रजीत ‘ऑन पेपर’ला तेवढी शिक्षा नाही, ‘संघ कागदावर भक्कम आहे’ म्हणतो तितपतच. उलट ‘इन प्रिन्सिपल’ आपल्याला नीट कळतो, कारण ‘तत्त्वतः मान्यता’ आपण पचवलेली आहे. मान्यता आहे, पैसे नाहीत.

आणि एक उलटलेला वाक्प्रचार. न पाळल्या जाणाऱ्या नियमाबद्दल इंग्रजीत म्हणतात की त्याचा मान पाळण्यापेक्षा मोडण्यात जास्त. हे शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं वाक्य. त्याला म्हणायचं होतं की डेन्मार्कच्या दरबारातली दारू पिण्याची रीत मोडणं हेच जास्त सन्मानाचं. आज सर्रास अर्थ घेतात ‘नियम आहे पण पाळत कोणी नाही’. म्हणजे या वाक्याचाही मूळ अर्थ पुस्तकात आणि वहिवाट भलतीच.

‘मग असले कायदे काढून का टाकत नाहीत?’

काही काढतात, बरेच राहून जातात. लंडनमध्ये फूटपाथवरून लाकडी फळी वाहून नेणं १८३९ पासून गुन्हा आहे. पार्लमेंटात चिलखत घालून जायला १३१३ पासून बंदी आहे. आणि १८७२ च्या कायद्यानुसार परवाना असलेल्या गुत्त्यात, म्हणजे पबमध्ये, दारू चढलेल्या अवस्थेत सापडणं हा गुन्हा आहे. पबमध्ये! शुक्रवारी रात्री हा कायदा अक्षरशः लावायचा म्हटला तर निम्मं इंग्लंड आत जाईल.

इंग्लंडमध्ये कायदा वापरात नाही म्हणून मरत नाही. रद्द करेपर्यंत तो जिवंत असतो, झोपलेला असला तरी. आणि झोपलेला कायदा उठतो तेव्हा काय होतं, हे १८१७ मध्ये कळलं.

बर्मिंगहॅमजवळ मेरी अ‍ॅशफर्ड नावाची तरुणी पाण्याच्या खड्ड्यात मृतावस्थेत सापडली. अब्राहम थॉर्नटन या गवंड्यावर खटला चालला. ज्यूरीनं काही मिनिटांत निर्दोष सोडलं. लोक खवळले. मेरीच्या भावानं, विल्यमनं, एक जुनी वाट शोधली: खुनाबद्दल नातेवाइकाला स्वतः दाद मागता येई. कित्येक वर्षांत कुणी फारशी न वापरलेली तरतूद, पण पुस्तकात होती. थॉर्नटनच्या वकिलांनीही मग पुस्तक उघडलं. तिथे त्याहून जुनं पान होतं. वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात थॉर्नटनला विचारलं, गुन्हा कबूल आहे? तो म्हणाला, नाही, आणि हे मी माझ्या शरीरानिशी सिद्ध करायला तयार आहे. आणि त्यानं हातमोजा जमिनीवर फेकला.

म्हणजे द्वंद्वाचं आव्हान. मध्ययुगातला नियम: आरोपी आणि फिर्यादी लढतील, जिंकेल तो खरा. शतकानुशतकं कुणी वापरला नव्हता, पण रद्दही कुणी केला नव्हता. रेल्वेयुग दाराशी आलेलं, आणि इंग्लंडचे न्यायमूर्ती महिनोन्महिने यावर काथ्याकूट करत बसले. एप्रिल १८१८ मध्ये मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी निकाल दिला: देशाचा कायदा द्वंद्वाच्या बाजूनं आहे, आणि कायदा आम्हाला कसा असावासा वाटतो ते नव्हे, तर तो कसा आहे ते सांगणं आमचं काम. विल्यम अंगानं किरकोळ, थॉर्नटन धिप्पाड. विल्यमनं हातमोजा उचलला नाही. थॉर्नटन सुटला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, पार्लमेंटनं दोन्ही तरतुदी गुंडाळल्या.

त्यामुळे ‘स्टिल ऑन द बुक्स’, म्हणजे अजून कायद्याच्या पुस्तकात आहे, हा शब्दप्रयोग इंग्रज हसत हसत करतो, पण वकील नाही हसत.

‘आणि नियम तंतोतंत पाळला तर?’

तर संप होतो. चेष्टा नाही. ‘वर्क टू रूल’ म्हणजे नेमकं तेच: काम बंद करायचं नाही, उलट नियमपुस्तिकेत लिहिलंय तेवढंच, तसंच करायचं. १९७३-७४ च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या रेल्वेचालकांनी जादा काम नाकारून नियमाबरहुकूम गाड्या चालवायला घेतल्या आणि वेळापत्रकाचे तीनतेरा वाजले. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. लोकलच्या मोटरमननी ‘नियमानुसार काम’ म्हटलं की डोंबिवलीच्या फलाटावर काय होतं ते त्याच्या बरगड्यांना माहीत आहे.

गाड्या वेळेवर धावतात त्या नियम असल्यामुळे आणि तो थोडा वाकवल्यामुळे, दोन्हीमुळे. साहेबाला हे ठाऊक असतं, चालकालाही. नियम वाकवताना अपघात झाला तर मात्र पुस्तिका उघडली जाते आणि त्यात साहेबाचं नाव नसतं. ‘यू आर सपोज्ड टू’ हे वाक्य चौकशी समितीसमोर फार कामाला येतं.

‘म्हणजे गोरे ढोंगी, एवढंच ना?’

हा आक्षेप मला प्रत्येक व्याख्यानानंतर ऐकायला मिळतो. आपण ‘आपल्याकडे सगळं असंच चालतं’ असं उघड म्हणतो, ते शब्दांत गुंडाळतात, म्हणून ते ढोंगी. थोडं आहे. पण ज्या देशाची लिखित घटनाच एका पुस्तकात नाही त्याची सगळी इमारत यावर उभी आहे. राजाला विधेयक नाकारण्याचा अधिकार इन थिअरी आजही आहे. शेवटचं नाकारलं राणी अ‍ॅननं, १७०८ मध्ये. तेव्हापासून अधिकार आहे आणि तो वापरायचा नसतो. वापरायचा नसतो हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणूनच त्यांना ‘कन्व्हेन्शन’, संकेत, म्हणतात. याला ढोंग म्हणावं तर आपल्या राष्ट्रपती भवनाचा अर्धा शिष्टाचार त्यातूनच आलाय.

फोडलं की फुटलं?

खरा त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. मराठीत लहान पोरही ओळखतं: ‘कप फोडला’ आणि ‘कप फुटला’ यात जमीन-अस्मानाचा फरक. फोडला म्हणजे फोडणारा आहे. फुटला म्हणजे कपाचं नशीब.

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, असा कायदाच होता. १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं तो घटनाबाह्य ठरवला. पण उत्तरेतल्या शहरांतही शाळा काळ्या-गोऱ्या वेगळ्याच होत्या आणि तिथे असा कायदा नव्हता. मुलं घराजवळच्या शाळेत जात होती, घरं वेगळ्या वस्त्यांत होती. याला नाव पडलं ‘डी फॅक्टो सेग्रिगेशन’. दक्षिणेनं कप फोडला, उत्तरेत तो फुटला. मीही वर्षानुवर्षं याचं ‘प्रत्यक्षातील विभाजन’ असं भाषांतर करून पुढच्या परिच्छेदाला जात होतो.

वस्त्या वेगळ्या कशा झाल्या, ते पाहिलं की कप उडी मारून पडला नव्हता हे दिसतं. १९३० च्या दशकात सरकारी संस्थांनी शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोकादायक. १९३४ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची गृहकर्ज विमा संस्था अशा वस्त्यांत आणि त्यांच्या जवळपास विमा देईना. घरांच्या खरेदीखतात ‘काळ्यांना विकणार नाही’ अशा अटी असत. कोर्टानं त्या अमलात आणणं थांबवलं ते १९४८ मध्ये. एवढं सगळं कागदावर असताना, परिणामाला नाव ‘डी फॅक्टो’.

नावानं काय बिघडलं? सगळं. डी ज्युरे ठरलं तर कोर्ट दुरुस्तीचा हुकूम देऊ शकतं, डी फॅक्टो ठरलं तर हात बांधलेले. १९७३ मध्ये डेन्व्हरच्या खटल्यात कोर्टानं मानलं की कायदा नसला तरी शाळा मंडळानं जाणूनबुजून केलं असेल तर ते डी ज्युरेच. त्याच खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल म्हणाले, हा भेदच सोडून द्या. सोडला नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइटचं प्रकरण आलं. शहरात काळी मुलं, भोवतीच्या उपनगरांत गोरी. खालच्या कोर्टानं आजूबाजूचे ५३ शाळा विभाग योजनेत घेतले होते. सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ते मोडलं: उपनगरांनी स्वतः काही केल्याचं सिद्ध झालेलं नाही.

हे कळल्यापासून कुठल्याही बातमीच्या मजकुरात ‘डी फॅक्टो’ दिसलं की मी आधी कर्ता शोधतो. बहुतेक वेळा एखाद्या जुन्या फायलीत तो सापडतो.

मेलबर्नचा फॉर्म

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. चार वर्षं मेलबर्नला आहे, लग्न न करता एका मुलाबरोबर राहते. घरी सगळ्यांना ठाऊक आणि कुणाला सांगितलेलं नाही, असं ते प्रकरण. व्हिसाचा अर्ज भरत होती.

“मामा, इथे लिहिलंय ‘डी फॅक्टो’. हे काय लिहू?”

ऑस्ट्रेलियात हा शब्द चक्क नाम झालाय. ‘माय डी फॅक्टो’ म्हणजे माझा जोडीदार. लग्नाविना संसार करणाऱ्यांना तिथे कायद्यानं हक्क आहेत, आणि या व्हिसासाठी साधारणतः बारा महिन्यांचं नातं दाखवावं लागतं. मी तिला म्हटलं, सोपं आहे, कागदावर काही नसलं तरी चालतं, म्हणूनच तर ते डी फॅक्टो.

ती हसायला लागली. मग तिनं यादी वाचली: दोघांच्या नावचं बँक खातं, घरभाड्याचा करार, विजेची बिलं, एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटं, एकमेकांना आलेली पत्रं, ओळखीच्यांची सही केलेली निवेदनं. नातेवाइकांचंही चालतं.

“लग्न केलं असतं तर एक दाखला लागला असता,” ती म्हणाली. “बरं, निवेदन तू देशील का? आणि आईला सांगू नकोस. म्हणजे, तिला माहितीये. पण सांगू नकोस.”